खारट घाम म्हणजे अंगात मीठ जास्त? नाही, उलट

उकाडा वाढला की मुंबईतल्या आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणणं असं: बाळाचा पापा घेताना ओठांना खारट लागलं, तर त्याच्या अंगात मीठ वाढलंय. मीठ बंद करा, साधं पाणी भरपूर पाजा. याच मिठाने छातीतला कफ घट्ट होतो. डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसचं नाव काढलं तर लक्ष देऊ नका, तो गोऱ्यांचा आजार आहे. शॉक देऊन घाम काढायची तपासणी तर मुळीच करू नका.

‘अंगात मीठ वाढलंय.’ घामग्रंथीच्या तळाशी तयार होणारा घाम सगळ्यांचाच जवळजवळ रक्ताइतका खारट असतो. तो नळीतून त्वचेपर्यंत येईतो भिंतीतल्या पेशी त्यातलं बरंचसं मीठ परत घेतात. क्लोराइडला ही वाट सीएफटीआर नावाचं प्रथिन देतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात ते बिघडलेलं असतं, म्हणून क्लोराइड नळीतच राहतं, आणि ऋणभाराचं क्लोराइड मागे अडकल्यावर धनभाराच्या सोडियमलाही आत जाता येत नाही. या आजारात नळीची भिंत क्लोराइडला दाद देत नाही, हे शास्त्रज्ञ पॉल क्विंटन यांनी १९८३ मध्ये दाखवलं. त्यांना स्वतःला हाच आजार आहे. म्हणजे मीठ साठत नाही, गळतं. (लोकलमधून उतरल्यावर शर्टावर दिसणारे पांढरे डाग वेगळे. भरभर घाम आला की पेशींना मीठ परत घ्यायला वेळच मिळत नाही.)

‘मीठ बंद, साधं पाणी भरपूर.’ मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. आधीच मीठ गमावणाऱ्या बाळाचं मीठ तोडून वर नुसतं पाणी पाजलं, तर रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. क्लोराइड आणि पोटॅशियमही कमी होतं. बाळ मलूल पडतं, उलट्या करतं, दूध ओढत नाही. १९४८ च्या न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत गळून गेलेली जी मुलं रुग्णालयात आली, त्यांच्यात या आजाराची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी होती. त्या धाग्यावरून डॉक्टर डी सांत’आन्येझे यांनी १९५३ मध्ये घामातल्या जादा मिठाची नोंद केली. आपल्याकडचा मे आणि ऑक्टोबर आठवा. निदान झालेल्या बाळांना डॉक्टर मोजून जादा मीठ देतात. मात्र निदान नसताना घरच्या घरी मीठ चाटवणं हाही तितकाच अविचार.

‘मिठाने कफ घट्ट होतो.’ श्वासनलिकेत हेच प्रथिन उलट्या बाजूने राबतं: क्लोराइड आणि बायकार्बोनेट पेशीतून बाहेर सोडतं आणि मागोमाग पाणी येतं. ते थांबलं की पृष्ठभाग कोरडा पडतो, कफ चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात. गंमत म्हणजे यावरचा एक उपचार मिठाचाच आहे: ७ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी नेब्युलायझरने देतात, ते पाणी ओढून कफ सैल करतं. अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

‘गोऱ्यांचा आजार.’ युरोपीय वंशाच्या लोकांत तो जास्त आढळतो, एवढं खरं. पण दिल्लीच्या एम्समधून आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून भारतीय रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झालेल्या आहेत. युरोपात सर्वाधिक दिसणारा एफ५०८डेल हा जनुकीय दोष आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. त्यामुळे तिकडच्या यादीवर बेतलेली जनुक-तपासणी निर्दोष आली तरी आजार असू शकतो.

‘शॉक.’ पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध त्वचेला लावून काही मिनिटं अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात, थोडं चुणचुणतं, मग अर्धा तास घाम गोळा करतात. ही पद्धत १९५९ पासूनची. क्लोराइड लिटरमागे ३० मिलिमोलपेक्षा कमी आलं तर आजाराची शक्यता फार थोडी. ६० किंवा जास्त आलं तर निदानाकडे बोट. मधला आकडा आला की पुन्हा तपासणी आणि जनुकांची सविस्तर चाचणी. घाम खारट, वजन वाढत नाही, न्यूमोनिया वारंवार, शी तेलकट, यांपैकी काही एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना ही तपासणी कुठे होते ते विचारा. ती प्रत्येक गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही.