वस्ताद आणि पाचचं बटण

कोल्हापुरात राजारामपुरीत बटणाच्या जुन्या फोनला बॅटरी टाकून घेतली. फोन जागा झाला आणि त्यात मी गेम कंपनीत नोकरीला असताना अशा फोनांसाठी बनवलेला मारामारीचा गेम उघडला. इथवर सगळं ठीक होतं. पण शेजारी स्क्रीनगार्ड लावून घ्यायला एक वस्ताद बसले होते. कान मोडलेले, मान जवळपास नाहीच.

"आण बघू."

त्यांच्या पंज्यात फोन काडेपेटीएवढा दिसायला लागला. अंगठा टेकला की चार बटणं दबत.

"गडी उडीना की रं."

"वस्ताद, एका वेळी एकच बटण."

"म्हंजे उडी मारून लाथ न्हाई?"

"न्हाई. दोन बटणं एकदम दाबलेली ह्या फोनला कळत नाहीत."

"एका हातानं मान दाबल्याबिगर दुसऱ्यानं पट निघतोय व्हय? कुठली तालीम तुझी?"

आता ह्यांना काय सांगायचं! १९९१च्या स्ट्रीट फायटर टूला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरच्या (आर्केडच्या) मारामारीच्या गेमला, आठ दिशांची दांडी आणि सहा बटणं होती, तीन ठोशांची, तीन लाथांची. ते सगळं वैभव आम्ही पाचच्या बटणावर आणलं. खाली, तिरकं, पुढं आणि ठोसा, म्हणजे ८, ९, ६, ५. ३८४ बाय २२४ ठिपक्यांचा पडदा १२८ बाय १२८वर. आणि सुरुवातीच्या बऱ्याच नोकियांवर अख्खा गेम ६४ केबीत.

"खुराक कमी पडला," वस्ताद म्हणाले. मग डोळे बारीक केले. "ह्यो वळला की ताईत डाव्या दंडावरनं उजव्यावर कसा जातोय?"

एवढ्या वर्षांत हे कुणी धरलं नव्हतं. चित्र आरशासारखं उलटवलं की असंच होतं. आर्केडमधल्या एका डोळ्याच्या सॅगट ह्या गड्याचीही वळताना डोळ्याची पट्टी बदलते. आणि हे गेम ज्यात लिहायचे त्या फोनवरच्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत ही उलटवायची सोयसुद्धा नव्हती. नोकियानं आपली वेगळी दिली, पण ती सगळीकडे चालायची नाही. मग डावीकडे बघणारा गडी वेगळा काढा, त्यासाठी पार्श्वभूमीतलं देऊळ कापा. पुढच्या फोनचा पडदा वेगळा, की पुन्हा पहिल्यापासून. रात्री दोनला साहेबाचा फोन, "पाय कापला जातोय." आणि गेममध्ये नाव कुणाचं? साहेबाचं. असो. असो कसलं, अजून डोकं फिरतं.

तेवढ्यात 'कट्' झालं. पाचचं बटण आत गेलं ते गेलंच.

"लई नाजूक माती," म्हणत वस्तादांनी फोन परत दिला. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, हे कीपॅड आता मिळत नाही," आणि बॅटरीचे पैसे मोजून घेतले. सुट्टे नाहीत म्हणून दहा रुपये राहिलेत त्याच्याकडे.