पेगी गुगेनहाइमची कानातली: एका आक्षेपाला उत्तर

अमेरिकन कलासंग्राहक आणि गॅलरीचालक पेगी गुगेनहाइमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच लिहिलंय आणि मनापासून चिडून लिहिलंय, म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय संपवावासा वाटला नाही. तुमचा आक्षेप मला कळला तो असा. लेखात कानातली, गॉगल, कुत्री आणि गोंडोला (व्हेनिसची होडी) यांनीच जागा खाल्ली आणि चित्रं मागे राहिली. एखाद्या पुरुषाबद्दल लिहिताना मी त्याच्या कपड्यांपाशी रेंगाळले नसते. शिवाय बाईंकडे पैसा बापाचा आणि नजर दुसऱ्यांची, मग तिच्या ‘कलाप्रेरणा’ कसल्या?

कानातल्यांपासून सुरुवात करते, कारण तुमचा रोष त्यांच्यावरच जास्त आहे. २० ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर पेगीची ‘आर्ट ऑफ धिस सेंच्युरी’ ही गॅलरी उघडली. त्या संध्याकाळी तिच्या एका कानात शिल्पकार अलेक्झांडर काल्डरनं तारेतून घडवलेलं झुलतं कानातलं होतं आणि दुसऱ्या कानात चित्रकार इव्ह तांगीनं रंगवलेला इवलासा निसर्गदेखावा. काल्डर अमूर्ताच्या, म्हणजे नुसत्या आकार-रंगांच्या वाटेवरचा, तांगी अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नातल्यासारखी दृश्यं रंगवणारा. या दोन पंथांचं आपसात फारसं पटत नसे आणि पेगीला दोन्ही हवे होते. हे सांगायला तिला भाषण करावं लागलं नाही.

आत गेल्यावर तेच धोरण भिंतींवर दिसत होतं. वास्तुरचनाकार फ्रेडरिक कीस्लरनं अतिवास्तववाद्यांसाठी लाकडाच्या वळणदार भिंती केल्या होत्या. त्यातून बाहेर आलेल्या दांड्यांवर बिनचौकटीची चित्रं बसवली होती आणि दिवे मध्येच लागत, मध्येच विझत. अमूर्त चित्रांच्या दालनात गडद निळ्या कापडाच्या भिंती होत्या आणि चित्रं जमिनीपासून छतापर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर अधांतरी टांगलेली होती. आता सांगा, यातली कानातली बाजूला काढून गॅलरीबद्दल कसं लिहायचं? दोन्हीकडे डोकं एकच चाललंय.

तांगीच्या कानातल्यांची आणखी एक गोष्ट लेखात घ्यायला जागा नव्हती. त्यानं आधी दिलेली जोडी गुलाबी होती. रंग वाळायच्या आतच पेगीनं ती घातली आणि त्यातलं एक खराब झालं. मग तिनं त्याच्याकडून नवीन करून घेतलं, तेही मुद्दाम निळं, म्हणजे दोन कानांत दोन रंग. हे तिनंच आठवणींत लिहून ठेवलंय. मला या एवढ्याशा प्रसंगात ती अख्खी दिसते. हाती आलेलं काम बाजूला ठेवून बघत बसण्याइतका धीर तिच्यात नव्हता, आणि जुळत नसलेल्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवायला ती कधी बिचकली नाही.

पुरुषांबद्दल म्हणाल, तर मी अगदी असंच लिहीन. पॅरिसचा चित्रविक्रेता आंब्र्वाझ व्होलार याच्याबद्दल लिहायचं झालं तर र्यू लाफितवरच्या त्याच्या दुकानाचं तळघर, जिथे तो चित्रकारांना जेवू घालायचा, ते सोडून कसं चालेल? चित्रकार बोनारनं त्या जेवणाचं चित्रच काढलंय. चित्रकार सेझाननं १८९९ साली व्होलारचं व्यक्तिचित्र काढलं तेव्हा, व्होलारच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, तो ११५ वेळा समोर बसला होता. गॅलरीचालक लिओ कास्टेलीनं १९५७ साली न्यूयॉर्कमधली गॅलरी सुरू केली ती राहत्या घराच्या दिवाणखान्यात. त्याचे नीटनेटके सूट आणि अदब याही त्याच्या कामाच्याच गोष्टी होत्या. नव्या चित्रकाराकडे पाठ फिरवणारा ग्राहक त्याच्या घरात मात्र थांबायचा. गॅलरी चालवणाऱ्याच्या हाती ब्रश नसतो. काय टांगायचं, कशाशेजारी टांगायचं, कोणाला आत बोलवायचं आणि त्या चित्रांबरोबर रोजचे दिवस कसे काढायचे, एवढंच त्याच्या हातात असतं. त्यामुळे राहणी हा माझ्या दृष्टीनं लेखाचा गाभाच आहे.

आता पैसा आणि नजर. पैसा वारशाचा होता, हे खरं. तिचे वडील १९१२ साली टायटॅनिकबरोबर बुडाले. नजर मात्र उसनी म्हणाल तर मी वाद घालीन. १९३८ साली लंडनमध्ये ‘गुगेनहाइम ज्यून’ ही आपली पहिली गॅलरी उघडताना अमूर्त कुठलं आणि अतिवास्तववादी कुठलं हेही तिला कळत नव्हतं, कलाकार मार्सेल द्युशाँनं ते शिकवलं, आणि तिनं हे स्वतःच सांगितलं. शिकण्याला उसनवारी म्हटलं तर आपल्यापैकी कोणाचीच नजर स्वतःची उरणार नाही. शिकवणी घेणारे पुष्कळ असतात. पण त्याच वर्षी ब्रांकुसी, आर्प यांची शिल्पं ब्रिटिश कस्टम्सनं अडवली, लंडनच्या टेट गॅलरीच्या संचालकांनी ती कला नाही असा निर्वाळा दिला, तेव्हा ही नवखी बाई मागे हटली नाही. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं आणि शिल्पं आत आली.

अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचंही तसंच. १९४३च्या वसंतातल्या प्रदर्शनासाठी आलेलं त्याचं चित्र तिला आधी अजिबात रुचलं नव्हतं. अमूर्त चित्रकार मोंद्रियान त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि अमेरिकेत पाहिलेल्या कामांत हे फार महत्त्वाचं आहे, अशा अर्थाचं काही बोलला, असं सांगतात. पेगीनं ते ऐकलं, पुन्हा पाहिलं आणि मत बदललं. त्याच वर्षी तिनं पोलॉकशी करार केला, त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन लावलं आणि आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी सहा मीटर लांबीचं ‘म्यूरल’ हे चित्र काढून घेतलं. चारचौघांत आपलं मत मोडून काढणं गॅलरीवाल्यांना फार जड जातं. तिला ते जमलं, म्हणून मी तिला मानते.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. महिन्याला ठरलेली रक्कम देऊन पोलॉकची बहुतेक चित्रं आपल्याकडे ठेवणं हा उदार व्यवहार नव्हता. १९३९-४०मध्ये पॅरिसमध्ये ‘रोज एक चित्र’ घ्यायचं तिनं ठरवलं तेव्हा युद्धामुळे भाव पडलेले होते आणि विकणाऱ्यांना निघून जायची घाई होती. जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या त्या दिवशी तिनं चित्रकार लेजेचं चित्र विकत घेतलं. याकडे संधिसाधूपणा म्हणून बघता येतं, तसं बघणाऱ्याला मी खोटं ठरवणार नाही. पण पुढचंही त्याच पानावर लिहायला हवं. हा संग्रह सुरक्षित ठेवायला पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयानं नकार दिला. शेवटी ती चित्रं घरसामान म्हणून नोंदवून, घरातल्या चीजवस्तूंबरोबर बांधून अमेरिकेला गेली.

व्हेनिसमधली राहणी तुम्हाला ‘श्रीमंती थेर’ वाटली. ग्रँड कॅनालवरचं अर्धवट राहिलेलं, एकमजली पालाझ्झो (वाडा) व्हेनिअर देइ लिओनी. तिथे ती तीस वर्षं राहिली. स्वतःची गोंडोला, ल्हासा आप्सो कुत्री, एडवर्ड मेलकार्थनं केलेला फुलपाखरी गॉगल, हे सगळं होतंच. पण तिच्या झोपायच्या खोलीत काल्डरनं चांदीत घडवलेली पलंगाची उशाकडची बाजू होती, मासे आणि पाणवनस्पती असलेली. युद्धामुळे इतर धातू मिळेनासे झाल्यानं त्यानं चांदी वापरली. त्याच खोलीच्या भिंतीवर तिची कानातली ओळीनं टांगलेली असत. १९५१पासून उन्हाळ्यात हे घर लोकांसाठी उघडं व्हायचं. अनोळखी माणसं आपल्या खोल्यांतून फिरताहेत आणि आपण तिथेच राहतोय, असे उन्हाळे तिनं वर्षानुवर्षं काढले. थेर करणाऱ्याला एवढा त्रास झेपत नाही.

साधेपणाच हवा असेल तर न्यूयॉर्कची गॅलरीचालक बेटी पार्सन्सबद्दल लिहायला मला आवडेल. पेगी १९४७ साली न्यूयॉर्क सोडून गेली तेव्हा पोलॉकला हिनंच घेतलं. पांढऱ्या भिंती, सजावट जवळजवळ नाहीच. तेराव्या वर्षी आर्मरी शो हे न्यूयॉर्कमधलं आधुनिक कलेचं प्रदर्शन पाहून तिनं कलाकार व्हायचं ठरवलं होतं. आठवडाभर ती दुसऱ्यांची चित्रं टांगायची आणि सुट्टीत लाँग आयलंडवरच्या स्टुडिओत स्वतः रंगवायची, किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडांच्या तुकड्यांतून रचना करायची. त्या लेखातही मी तिच्या राहणीबद्दल लिहिणारच, कारण त्या पांढऱ्या भिंती समजून घ्यायच्या तर आधी ती लाकडं बघावी लागतात.

‘म्यूरल’वर स्वतंत्र लेख हवा ही तुमची मागणी योग्य आहे. ते घराच्या भिंतीवर न रंगवता कॅनव्हासवर रंगवावं, म्हणजे हलवता येईल, हा सल्लाही द्युशाँचाच होता. तिथूनच सुरुवात करीन. तो लेखही पटला नाही तर असंच सविस्तर लिहा.