नवे पशुरुग्णालय उघडणाऱ्यांस काही सूचना

गंगापूर रस्त्यावर, इंदिरानगरात किंवा पाथर्डी फाट्याकडे गाळा घेऊन पाळीव प्राण्यांचे रुग्णालय उघडण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. नाशिकमध्ये सोसायट्या वाढल्या, सोसायट्यांत लॅब्राडोर, शिह त्झू आणि पर्शियन मांजरे वाढली, आणि त्यांना काही ना काही होतच असते. त्यांना आणखी काय काय होऊ शकते, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या व्यवस्थापनावर अवलंबून राहील. म्हणून या सूचना.

भांडवलाचा मोठा भाग दर्शनी बाजूवर घालावा. काचेचा दरवाजा, पंजाच्या आकाराची दिव्यांची पाटी आणि फोटो काढण्यासाठी एक कोपरा एवढे झाले की ग्राहकाचा विश्वास बसतो, कारण आत त्याला कोणी नेत नाही. संसर्गजन्य रुग्णांसाठी वेगळी खोली, त्या खोलीपुरती वेगळी भांडी, वेगळा झाडू, वेगळी चप्पल आणि वेगळा अंगरखा असावा, असे कोणी सुचवलेच, तर त्याला गाळ्याचा चौरस फुटाचा भाव सांगावा. ती जागा ग्रूमिंगला दिल्यास महिन्याचे हप्ते तरी निघतात.

बाहेर बाकडे एकच ठेवावे. पहिली लस घ्यायला आलेले दीड-दोन महिन्यांचे पिल्लू आणि कालपासून रक्ताचे जुलाब होत असलेले पिल्लू यांना आल्या क्रमाने शेजारी बसवावे. रुग्णांत भेदभाव करणे बरे नव्हे. जुलाबवाल्याला गाडीतच थांबवावे, निरोगी प्राणी आधी तपासावेत आणि संसर्गाचा संशय असलेला सर्वांत शेवटी घ्यावा, असा क्रम पुस्तकांत दिलेला असतो खरा, परंतु पुस्तके लिहिणाऱ्यांना संध्याकाळी सात वाजता कॉलेज रोडवर गाडी उभी करून दाखवण्याचा प्रसंग आलेला नसतो.

आता फरशी. फरशी चकाकली पाहिजे आणि फिनाईलचा वास रस्त्यापर्यंत गेला पाहिजे, कारण आपल्याकडे स्वच्छता नाकाने मोजतात. पिल्लांना असे रक्ताचे जुलाब लावणारा श्वानांचा पार्व्हो विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, आणि त्याने अशा वासाकडे तेव्हापासून कधी फारसे लक्ष दिलेले नाही. त्याच्यावर मेदाचे आवरण नसल्यामुळे स्पिरिट, हातावर चोळायचे सॅनिटायझर आणि बाजारातली बहुतेक सुगंधी द्रावणे त्याचे विशेष काही बिघडवू शकत नाहीत, आणि सावलीतल्या ओलसर जागी तो महिनोन्‌महिने टिकून राहतो. त्याला मारायचेच असेल, तर आधी विष्ठा उचलून जागा साबणाच्या पाण्याने घासावी लागते, मग साधारण पाच टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या एका भागात तीस भाग पाणी घालून केलेले त्या दिवसाचे ताजे द्रावण ओतावे लागते, आणि जमीन दहा मिनिटे ओली राहू द्यावी लागते. घाणीवरच द्रावण ओतले, तर त्यातला क्लोरीन घाणीशी झगडण्यातच खर्च होतो. एवढ्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. एक बादली, एक फडके घ्यावे. जुलाबाच्या पिंजऱ्यापासून सुरुवात करून बाकड्याखाली शेवट करावा, म्हणजे आतले सर्व काही बाहेर सारख्या प्रमाणात पोहोचते. मांजरांच्या पिंजऱ्यांसाठी काळे फिनाईल राखून ठेवावे; त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत आणि मांजर पंजे चाटतेच.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे मदतनीस. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय परिचारिकांचे रीतसर प्रशिक्षण १९६१ पासून सुरू आहे; तेथे ही शिकलेली माणसे भूल दिलेल्या प्राण्याचा श्वास मोजतात, सलाईनचा वेग पाहतात आणि प्रत्येकाची नोंद ठेवतात. आपल्याला एवढे शिकलेले माणूस परवडणार नाही, आणि परवडले तरी ते प्रश्न विचारेल. त्यापेक्षा ओळखीतला एक होतकरू मुलगा ठेवावा. सकाळी झाडू, मग कुत्रा धरणे, मग केस काढणे, मग शस्त्रक्रियेत हत्यारे देणे, मग पुन्हा फडके आणि मधल्या वेळेत चहा, असा त्याचा दिवस आखून द्यावा. हात धुण्यासाठी यात वेळ दाखवलेला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलेच असेल. बेसिन असावे, पण त्यात चहाची पातेली ठेवावीत. गुदद्वारातून ताप मोजायचा थर्मामीटरही एकच असावा, आणि एका प्राण्यातून काढल्यावर तो पँटला पुसून दुसऱ्यात घालण्याची सवय त्याला पहिल्याच आठवड्यात लागेल, अशी खात्री बाळगावी.

या मुलाला रेबीजची लस आधीच टोचून ठेवण्याचा आग्रह काही जण धरतात. दोन-तीन मात्रांचा प्रश्न असतो, पण मुलगा दिवाळीनंतर टिकेल की नाही हे कुठे ठाऊक असते? तेव्हा थांबावे. मग एखाद्या दुपारी जबडा लोंबत असलेला, लाळ गाळणारा, पाणीही गिळू न शकणारा कुत्रा येतो, मालक म्हणतात, "डॉक्टर, याच्या घशात हाड अडकलंय हो, जरा बघा ना," आणि आपण मोबाईलच्या उजेडात त्या मुलाला हात आत घालून चाचपायला सांगावे. रेबीजचे एक रूप नेमके असेच दिसते, हे त्याला सांगून विनाकारण घाबरवू नये. लाळ लागलेला ओरखडा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचा असतो, हेही सांगू नये. पातेली काढावी लागतील. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून पुढचा औषधोपचाराचा खर्च संभवत नाही.

पावसाळ्यात गोदावरीचे पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढले, की पंचवटीतून ताप आणि कावीळ झालेला एखादा कुत्रा येण्याची शक्यता धरावी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू प्राण्यात शिरतात आणि त्याच्या मूत्रातून पुन्हा बाहेर पडतात. हे जंतू पार्व्होइतके चिवट नाहीत. वाळले की मरतात, साध्या जंतुनाशकालाही दबतात. त्यांना मदत हवी असते, ती आपण करावी: हातमोजे न घालता मूत्र पुसायला सांगावे, किंवा पिंजऱ्यावर जोराचा फवारा मारावा, म्हणजे ते थेट डोळ्यांत आणि नाकात उडतात.

दाखल रुग्णांच्या शुश्रूषेबाबत पाटीवर 'चोवीस तास सेवा' असे ठळक लिहावे आणि रात्री दहाला कुलूप घालून घरी जावे. आत कॅमेरा चालू असतो. मणक्याला मार बसून पडून असलेल्या कुत्र्याला दर दोन ते चार तासांनी कूस बदलून द्यावी लागते, अन्यथा हाडांच्या उंचवट्यांवर जखमा होतात, आणि अंगाखाली मूत्र साचले तर कातडी सोलवटते. कॅमेरा या सर्व गोष्टी स्वच्छ चित्रित करतो. मांजराचा पिंजरा भुंकणाऱ्या कुत्र्याच्या समोर ठेवावा. ते खाणार नाही, आणि काही दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ, मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. परंतु त्याने खाल्ले की नाही हे कोठे लिहिलेलेच नसेल, तर त्याची चिंता कोणी करावी? पायातली इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी, चिकटपट्टी सुटेपर्यंत तशीच ठेवावी. पट्टीच्या वर पाय सुजला, तर पट्टी घट्ट बसली आहे असे समजावे.

जंतुनाशकात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी कधीही रिकामी करू नये. विरजणासारखे जुने थोडे राखून त्यावर नवे ओतावे. कापूस काही जंतुनाशके स्वतःच शोषून घेतो, द्रावण फिके पडते, आणि त्यात सेराशियासारखे जिवाणू सुखाने वाढतात. मग त्याच बोळ्याने सुई टोचण्याची जागा पुसली, की कर्तव्यही पार पडते. हत्यारे उकळत्या पाण्याच्या भांड्यातून काढावीत. धनुर्वाताचे बीजाणू शंभर अंशांना जुमानत नाहीत, त्यांना ऑटोक्लेव्हमधले १२१ अंशांचे दाबाखालचे बाष्प लागते, पण वाफ निघताना दिसली की पाहणाऱ्याचे समाधान होते.

सुया घंटागाडीत द्याव्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुरुग्णालयांनाही लागू आहेत, परंतु काळ्या पिशवीला गाठ घट्ट मारल्यास ते बाहेरून दिसत नाही.

एवढे सर्व नीट पाळले, तर लस घेऊन गेलेले ते पिल्लू पाच-सहा दिवसांनी उलट्या करीत परत येईल. पार्व्होची लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात आणि पहिली लस एकटी पुरेसे संरक्षण देत नाही, ही आपल्या व्यवसायावर निसर्गाची मोठी कृपा आहे, कारण तेवढ्या अवधीत पिल्लू आणखी चार ठिकाणी जाऊन आलेले असते. चेहरा गंभीर करून एवढेच विचारावे, "याला गोदापार्कवर नेलं होतं का?" बहुधा नेलेले असतेच. मालक ओशाळतो, आगाऊ रक्कम भरतो आणि रात्री घरी बसून रुग्णालयाला पाच तारे देतो.