चषकांची यादी

आमच्या तालमीची स्मरणिका निघायची होती. "तू बरं लिहितोस" असं म्हणून फुटबॉल संघाच्या विजेतेपदांची यादी माझ्या गळ्यात मारली. कोल्हापुरात तालीम म्हणजे खाली लाल माती आणि वरच्या खोलीत फुटबॉलचे चषक. पैलवान कमी झाले, पण कपाट भरतंच आहे.

कपाट उघडलं. दर दसऱ्याला चिंच-राखेनं घासून निम्म्या चषकांवरची अक्षरं गेलेली. एकावर 'कै.' एवढंच शाबूत. माणूस कोण, साल कुठलं, पत्ता नाही. मग तालमीतल्या जुन्या आण्णांना गाठलं.

"के.एस.ए. लीग लिव." के.एस.ए. म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, इथल्या फुटबॉलची संघटना.

"साल?"

"तुझ्या आत्याचं लग्न झालं तवा."

आत्याला फोन केला. तिला साल आठवेना, पण हळदीच्या दिवशी अख्खं वऱ्हाड शाहू स्टेडियमवर होतं, हे मात्र तिनं अर्धा तास ऐकवलं.

आण्णांना 1938 चीही लीग हवी होती. के.एस.ए. 1940 सालची, असं म्हटल्यावर म्हणाले, "असती तर आपणच मारली असती. लिव."

उपविजेतेपदाचा रकाना त्यांनी खोडूनच टाकला. त्यांच्या हिशेबी आपण अंतिम सामना कधी हरलेलोच नाही. एकदा पंच आंधळा होता, एकदा चिखल, एकदा टायब्रेकरला आपल्या गोलकीपरच्या डोळ्यावर ऊन.

वैयक्तिक बक्षिसांत सामनावीर थोडे, 'लढवय्या' ढीगभर. आमच्याकडं हे बक्षीस बहुधा हरलेल्या संघातल्या पोराला मिळतं, त्यामुळं आण्णांचा हिशेब इथं जरा उघडा पडला. मी गप्प बसलो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या अनिकेत जाधवचंही नाव आण्णांनी घालायला सांगितलं. तो आपल्या तालमीचा नव्हे, म्हटलं. "गावचा हाय न्हवं?"

खरी पंचाईत फोटोंची. हंगामाची खेळाडू नोंदणी आली की कोणीतरी पलीकडच्या पेठेच्या संघात जातोच. अशाच एकाच्या तोंडावर कुणीतरी गणपतीच्या वर्गणीची पावती डकवलेली. नखानं सोलली तर मिशीसकट नाक निघालं. त्याच्या नावावर मालिकावीर दोनदा! नाव छापायचं की नाही, यावर रात्री बैठक बसली, चहा झाला, भांडण झालं, परत चहा झाला. ठरलं असं, की बक्षीस छापायचं, माणूस नाही.

छापखान्यानं वाढीव पानांचे जादा पैसे मागितले. ते वर्गणीतून भागवायचं ठरलं आणि पावतीपुस्तक माझ्या हातात आलं.