क्रीमचे पृथक्करण आणि आमचे हाल

तेल आणि पाणी यांनी एका डबीत गुण्यागोविंदाने नांदावे, यासाठी क्रीम घडवणारा रसायनज्ञ आपली सारी हुशारी पणाला लावतो, आणि तो संसार मोडण्याचा पगार मला मिळतो.

एचपीएलसी, म्हणजे द्रव मिश्रणातील घटक एकेक करून वेगळे काढण्याचे तंत्र, पुस्तकात फार सोज्वळ दिसते. २५० मिलिमीटर लांबीच्या पोलादी नळीत, म्हणजे कॉलममध्ये, सिलिकाचे ५ मायक्रॉनचे कण ठासलेले असतात, त्यांवर अठरा कार्बनांच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि पंप मिथेनॉल व पाणी यांचे मिश्रण मिनिटाला १ मिलिलीटर वेगाने त्यातून ढकलतो. पाण्याची ओढ ज्याला अधिक तो घटक आधी बाहेर पडतो. म्हणून पॅराबेनांमध्ये, म्हणजे क्रीम टिकवणाऱ्या रसायनांमध्ये, मिथाइल पहिला आणि ब्युटाइल शेवटचा. शुद्ध रसायने सोडली, की त्यांची शिखरे आलेखावर इतक्या शिस्तीत उमटतात, की आपण थोर शास्त्रज्ञ आहोत अशी माझी खात्री पटते.

ही खात्री पहिल्या खऱ्या नमुन्यापर्यंतच टिकते. शॅम्पूचे द्रावण फ्लास्कच्या मानेवरील खुणेपर्यंत नेमके भरायचे असते, आणि ती खूण फेसाआड दडलेली असते. फेस बसण्याची वाट पाहणे हे काम कोणत्याही कार्यपद्धतीत लिहिलेले नाही, पण माझा निम्मा दिवस त्यातच जातो. क्रीममधील मेण आणि सिलिकोन त्वचेला चिकटून राहण्यासाठीच घातलेले असल्यामुळे ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीलाही ते त्याच निष्ठेने चिकटतात, आणि जे गाळणीतून निसटतात ते कॉलममध्ये ठाण मांडतात. मग दाब चढतो, आणि मर्यादा ओलांडताच पंप स्वतःहून बंद पडतो. हे तो शक्यतो सगळे घरी गेल्यावर करतो.

सनस्क्रीनची तऱ्हा वेगळी. डिटेक्टर घटकांना ओळखतो ते त्यांनी शोषलेल्या अतिनील किरणांवरून, आणि येथे तर अतिनील किरण शोषणे हाच त्या मालाचा धर्म! त्यातील ऑक्टोक्रिलीन हा किरणशोषक घटक पॅराबेनांसाठी बेतलेल्या द्रावणात इतका रेंगाळतो, की तो पुढच्याच एखाद्या निरपराध नमुन्याच्या आलेखावर उगवतो.

सर्वांत अवघड मात्र ‘पॅराबेनमुक्त’ उत्पादन. मिथाइलपॅराबेनच्या नेमक्या वेळेला तेथे एक बारीक उंचवटा दिसतो. तो सुगंधी द्रव्यातील कुणी आगंतुकही असू शकतो, कारण वेळ जुळली म्हणून ओळख पटत नाही. म्हणून वर्णपट ताडून पाहायचा, नमुना न घातलेले कोरे द्रावण पुन्हा सोडायचे, आणि अखेरीस ‘शोधमर्यादेपर्यंत आढळले नाही’ असे जपून लिहायचे. विक्री विभाग हा अहवाल आदराने स्वीकारतो. वेष्टने त्यांनी आधीच छापून घेतलेली असतात.