तुमच्या कॅनडात चाललं असतं का?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं, त्या रात्री आमच्या शाळेच्या ग्रुपवर जल्लोष. "आता शहरी नक्षल्यांची खैर नाही!" पाठोपाठ एकाने मला डिवचलं, "आदिवासींना पुढे करून प्रकल्प अडवणं तुमच्या कॅनडात चाललं असतं का रे?"

हे 'तुमच्या कॅनडात' मला फार झोंबतं. बारा वर्षं व्हँकुवरजवळच्या सरीत राहतोय. इथे अजून 'मूळचे कुठले?' विचारतात आणि सदाशिव पेठेत मी 'तुमच्या कॅनडातला'.

स्कायट्रेनमध्ये उभ्या उभ्याच उत्तर टाइप केलं, तावातावाने. इथल्या सुप्रीम कोर्टाने १९९७ सालीच गिटक्सान आणि वेटसुवेटेन लोकांच्या दाव्यात मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मानला, पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेला इतिहास पुरावा म्हणून धरायला सांगितलं. आमच्या ऑफिसातली सोमवारची मीटिंगसुद्धा मस्क्विअम, स्क्वॉमिश, त्स्लेल-वाउतुथ या मूळ रहिवाशांची ही जमीन, असं म्हणून सुरू होते. (झरझर म्हणतात, आरतीच्या शेवटच्या कडव्यासारखं. हे अर्थात लिहिलं नाही.) आणि तुम्ही स्टॅन स्वामींचं काय केलंत?

८३ वर्षांचे पाद्री. झारखंडात आदिवासींच्या जमिनींसाठी आणि नक्षलवादी ठरवून कच्च्या कैदेत सडणाऱ्या पोरांसाठी झगडणारे. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार, गुन्हा विश्रामबाग ठाण्यात नोंदला गेला, पुढे तपास केंद्राच्या एनआयएकडे (राष्ट्रीय तपास यंत्रणा) गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये यांना रांचीहून उचललं. भीमा कोरेगावला आपण कधी गेलोच नाही, असं ते सांगत होते. पार्किन्सनमुळे हातात ग्लास ठरत नव्हता, म्हणून तळोजा तुरुंगातून स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज केला. एनआयएने उत्तराला वीस दिवस मागितले आणि मग सांगितलं, आम्ही स्ट्रॉ-सिपर जप्त केलेलाच नाही. ५ जुलै २०२१ ला ते गेले. जामीन नाही, खटला सुरूसुद्धा नाही.

अण्णांचाही हात थरथरतो. कप बशीवर खुळखुळायला लागला की आई स्वयंपाकघरातून न बघता म्हणते, "अर्धाच भरलाय, घ्या." मी इथून दोन कानांचा, झाकणाचा कप पाठवला होता. अण्णांनी तो कपाटात ठेवून दिला. पाहुण्यांना दाखवतात, वापरत नाहीत. फोनवर मी स्वामींचा विषय काढला, तर म्हणाले, "कायदा त्याचं काम करतो. तुला एवढं वाटतं ना, मग इथे राहायला ये आणि बोल."

इतक्यात मित्राने व्हिडिओ टाकला. नोव्हेंबर २०२१, कोस्टल गॅसलिंक या गॅस पाइपलाइनच्या वाटेवर वेटसुवेटेनांची खोपटी, आणि कुऱ्हाडीने, यांत्रिक करवतीने दार फोडणारे आरसीएमपीचे, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय दलाचे पोलीस. "हेच का रे तुमचं सुप्रीम कोर्ट?" दोन पत्रकारांनाही अटक झाली होती. मी लिहिलं, ते चार दिवसांत सुटले. यूएपीएत, स्वामींवर लावलेल्या त्या दहशतवादविरोधी कायद्यात, लोक चार वर्षांतही सुटत नाहीत. या फरकावर मी आजही ठाम आहे. पण जुलै २०२४ मध्ये वेटसुवेटेनांच्या एका प्रमुखाला साठ दिवस घरकैद झाली आणि ॲम्नेस्टीने त्यांना कॅनडातला आपला पहिला सद्सद्विवेकबुद्धीचा कैदी घोषित केलं, हे मला ठाऊक होतं. ते मी गिळलं. भांडणात समोरच्याच्या हातात काठी कोण देतो?

गिळलेलं आणखी एक आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये वेटसुवेटेनांच्या पाठिंब्यासाठी व्हँकुवरमध्ये ब्रॉडवे आणि कॅम्बीच्या चौकात लोक ठाण मांडून बसले होते. माझी बस अडकली. मी मराठीत शिव्या घातल्या, म्हणजे कुणाला कळू नयेत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका पोरीने सह्यांचा कागद पुढे केला. माझी सिटिझनशिपची फाइल सरकारदरबारी होती. "वाचून देतो," म्हणालो आणि घडी करून बॅगेत टाकला. सही केल्याने फाइल अडते असं कुणीही सांगितलं नव्हतं. तिने पुन्हा मागितला नाही, मी परत दिला नाही.

पुण्याच्या ग्रुपवर मी स्टॅन स्वामींबद्दल रात्री अकराला बेधडक लिहितो. माझं पारपत्र आता कॅनडाचं आहे, मला कोण विचारणार?

व्हिडिओखाली मित्राचा शेवटचा मेसेज होता: "बरं, दार फोडलं तेव्हा तू काय केलंस?"

त्याच्याकडे निळ्या खुणा गेल्यात. मी स्टेशनवर उतरलो आणि फोन खिशात टाकला.