सहा महिने आले, मग बंद केले ते पैसे

"अमेरिकेत राबणारा माणूस उपाशी राहत नाही." हे वाक्य इथल्या आपल्या मराठी घरांत दिवाळीच्या फराळाला, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही ऐकू येतं. बोलणारी माणसं वाईट नसतात, स्वतः कष्ट करून वर आलेली असतात. पण हे वाक्य खरं नाही, आणि का नाही ते मला एकदा नीट लिहायचंय. गप्पांच्या ओघात कुणी तेवढं ऐकून घेत नाही.

आधी हिशोब. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. ते जुलै २००९ पासून एका सेंटनेही वाढलेलं नाही. टिपवर काम करणाऱ्या वेटर लोकांचं तर १९९१ पासून २.१३ डॉलर. बऱ्याच राज्यांनी आपापलं वेतन वर नेलंय, पण मी राहते त्या टेक्सासमध्ये अजून ७.२५च. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा नाही, तर होतात १५,०८० डॉलर. २०२४ साली दोघांच्या कुटुंबासाठी सरकारी दारिद्र्यरेषा २०,४४० डॉलर होती. म्हणजे एक आई आणि एक लेकरू असेल, तर आईने वर्षभर पूर्णवेळ राबूनही ती सरकारच्याच कागदावर गरीब.

आणि ही रेषा तरी कसली? १९६०च्या दशकात मॉली ओर्शान्स्की या सरकारी खात्यातल्या अर्थतज्ज्ञ बाईंनी ती आखली. काटकसरीच्या जेवणाचा खर्च गुणिले तीन, असं ते गणित. तेव्हापासून फक्त महागाईनुसार आकडा वाढवत आणलाय. आज घरखर्च कुठे जातो? भाड्यात, पाळणाघरात, दवाखान्यात. तिपटीच्या गणितात यातलं काय बसणार!

मी शनिवारी एका चर्चच्या फूड पॅन्ट्रीत मदतीला जाते. गाड्यांची रांग लागते, आम्ही डिकी उघडून शिध्याची खोकी ठेवतो. एकदा एका बाईने तांदूळ आणि राजम्याच्या पिशव्या काढून माझ्या हातात परत दिल्या. म्हणाली, दुसऱ्या कुणाला द्या, माझ्याकडे शिजवायला जागा नाही. अंगावर कामावरचेच कपडे होते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, हे तिचं काम. तासाला ११ डॉलर. दोन मुलांना घेऊन ती मोटेलच्या एका खोलीत राहते, तिथे फक्त मायक्रोवेव्ह आहे. मोटेलचे आठवड्याचे पैसे महिनाभराचे जोडले तर लहान अपार्टमेंटच्या भाड्यापेक्षा जास्त होतात. हे तिला माहीत नाही असं नाही. पण अपार्टमेंटला डिपॉझिट लागतं, अर्जाची वेगळी फी लागते, क्रेडिट स्कोअर बघतात. आणि पूर्वी कधी भाडं थकून घर खाली करायचा खटला झाला असेल, तर तो नावापुढे चिकटून राहतो. हातात एकरकमी पैसे नाहीत म्हणून ती दर आठवड्याला जास्त पैसे मोजते. मी शेल्फवरून पीनट बटर, डब्यातलं चिकन, मायक्रोवेव्हमध्ये होणारे मॅकरोनीचे कप गोळा करून दिले. मुलांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा आहे, तिला स्वतःला नाही. कमी पगाराच्या मोठ्या माणसांसाठी टेक्सासने मेडिकेडचा विस्तार केलेलाच नाही.

या बाईत कष्टांची कुठली कमतरता आहे, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

ज्या गोष्टीने मला खरा संताप येतो ती आता सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेने मुलांची गरिबी जवळजवळ निम्मी करून दाखवली होती. मार्चमध्ये कायदा झाला आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे आईबापांना मिळणारी करसवलत, वाढवलं: सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, त्याहून मोठ्या मुलामागे ३,०००. मुख्य म्हणजे पगार अगदी कमी असला, किंवा नसलाच, तरी पूर्ण रक्कम. जुलै ते डिसेंबर दर महिन्याला पैसे खात्यात. त्या वर्षी सेन्सस ब्युरोच्या (जनगणना खात्याच्या), सरकारी मदतही मिळकतीत धरणाऱ्या पूरक मोजणीत गरीब मुलांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं. इतकं कमी ते कधीच नव्हतं.

मग योजना संपू दिली. मुदतवाढीचं विधेयक प्रतिनिधीगृहात पास झालं होतं. सेनेटमध्ये ५०-५० अशी फूट होती, रिपब्लिकन सगळे विरोधात आणि डेमोक्रॅट जो मॅन्चिन यांनी डिसेंबरमध्ये पाठिंबा नाकारला. आईबाप काम करत असतील तरच पैसे द्या, हा त्यांचा आग्रह. आणि हे गृहस्थ वेस्ट व्हर्जिनियाचे, देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एकाचे! २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्के झालं. एका वर्षात ५० लाखांहून जास्त मुलं परत गरिबीत. ही मुलं, त्यांचे आईबाप त्या एका वर्षात आळशी झाले का?

त्याच उन्हाळ्यात करोनाकाळातलं सर्वांसाठीचं मोफत शाळेतलं जेवणही देशपातळीवर थांबलं. काही राज्यांनी स्वतःच्या खर्चाने चालू ठेवलं, बाकीच्यांत पुन्हा फॉर्म आणि थकबाकी सुरू. २०१९ मध्ये र्‍होड आयलंडमधल्या वॉरिकच्या शाळांनी तर थकबाकी असलेल्या मुलांना गरम जेवणाऐवजी थंड सँडविच द्यायचं जाहीर केलं होतं, ओरड झाल्यावर मागे घेतलं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीच्या रांगेत पोराला कुणी उधारी विचारत नाही. श्रीमंत देशाला हे का जमू नये?

आपल्याबद्दलही बोलायला हवं. आपल्यातले बहुतेक जण भारतात सरकारी फीमध्ये शिकून, हातात नोकरी किंवा प्रवेश घेऊन विमानात बसलो. इथे घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतो. शाळांचा मोठा पैसा घरपट्टीतून येतो, म्हणून महाग वस्तीत चांगली शाळा आणि चांगली शाळा म्हणून वस्ती आणखी महाग. मोटेलमधल्या मुलांनी या फेऱ्यात शिरायचं कुठून?

आताचा कायदा बघा. २०२५ मध्ये क्रेडिट २,२०० डॉलर केलं, पण कमाई कमी तर क्रेडिटही कमी, हा नियम तसाच ठेवला. दोन मुलांची आई किमान वेतनावर वर्षभर राबली तर तिला मिळतात सुमारे १,९०० डॉलर. चार लाख डॉलर कमावणाऱ्या जोडप्याला दोन मुलांचे पूर्ण ४,४००. तुमच्यापैकी जे नागरिक झालेत, मतं मागायला दारात आणि मंडळाच्या स्टेजवर जे उमेदवार येतात, त्यांना ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल विचाराल तेव्हा या दोन आकड्यांबद्दलही विचारा. मी विचारणार आहे.